नक्कल

नाटकवाल्यांच्या भाषेत 'नक्कल' म्हणजे हुबेहूब प्रत नव्हे. नक्कल म्हणजे एका नटापुरतं नाटक. त्यात फक्त त्याची स्वतःची वाक्यं असतात आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. ते कानावर पडले की आपण तोंड उघडायचं. समोरचा त्याआधी काय बोलला, का बोलला, कोणाचा खून झाला नि कोणाचं लग्न मोडलं, हे नकलेत नसतं. जुन्या नाटक कंपन्यांत नकला लिहून काढणं हे एक कामच असे. आम्ही १९८१ साली ते केलं ते परंपरेच्या प्रेमानं नव्हे, सायक्लोस्टाइलला पैसे नव्हते म्हणून. माझ्या एकांकिकेत आठ पात्रं होती. आठ नकला मी तीन रात्रींत लिहिल्या. सबंध संहिता एकाच वहीत होती आणि ती वही माझ्याकडे होती.

सिम्फनीचंही असंच असतं, हे मला फार उशिरा कळलं. कंडक्टरच्या पुढ्यात जो जाडजूड ग्रंथ उघडलेला असतो तो स्कोअर. त्यात बासरीपासून डबल बासपर्यंत सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक रचलेल्या असतात. वादकांपुढे मात्र ज्याची त्याची नक्कल. दुसऱ्या बासूनवाल्याच्या कागदावर 'चाळीस बार गप्प' अशी नोंद असते, मग समोरच्या ट्रम्पेटच्या दोन-चार सुरांचा बारीक टाइपात दिलेला क्यू, आणि मग याचे सहा स्वर. तेवढ्यावरून मूळ रचना काय होती हे त्याला सांगता येणार नाही. पण सगळ्यांच्या नकला एकत्र आल्या, तर?

हा 'तर' ज्याच्या बाबतीत खरोखर घडला तो रशियन संगीतकार सेर्गेई राखमानिनोव्ह. त्याच्याशी माझी ओळख मात्र उलट्या बाजूनं झाली, म्हणजे म्हातारपणाकडून.

ऐंशीच्या दशकात सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं लागत. चकचकीत कागदावरची मुलांची पुस्तकं, तीन-चार रुपयांत कापडी बांधणीचे ग्रंथ, आणि एका कोपऱ्यात खोक्यात उभ्या लावलेल्या 'मेलोदिया'च्या तबकड्या. वेष्टनावर सगळं रशियन. एकदा अशी एक तबकडी मी केवळ मुखपृष्ठ आवडलं म्हणून घेतली. घरी आल्यावर कळलं की हे 'सिम्फनिक डान्सेस'. नाच म्हणजे काही तरी ठेक्याचं, हलकंफुलकं असेल असं वाटलं होतं. माझा कान नाट्यसंगीतावर आणि आकाशवाणीवर पोसलेला. एकाच वेळी दहा जण वेगवेगळं वाजवतायत आणि तरी ते भांडण नाही, ही गोष्टच अंगवळणी पडायला वर्ष गेलं.

तीन भाग, सगळे मिळून पस्तीसेक मिनिटं. पहिल्या भागावर लयीची सूचना आहे 'नॉन आलेग्रो', म्हणजे जलद नको. आपल्याकडे कोणी बंदिशीवर 'द्रुत नाही' एवढंच लिहून ठेवलं तर तबलजी विचारील, मग काय? व्हायोलिनं हलक्या पावलांनी टिकटिक करत येतात, वरून तीन स्वरांची एक उतरती खूण या वाद्याकडून त्या वाद्याकडे जाते, आणि मग एकदम सगळा वाद्यवृंद पाय आपटायला लागतो. हे चालू असताना मध्येच सगळी तंतुवाद्यं गप्प होतात. फक्त फुंकीची वाद्यं उरतात आणि त्यांच्यातून एक आल्टो सॅक्सोफोन गाऊ लागतो. माझ्या पिढीच्या कानाला सॅक्सोफोन म्हणजे हिंदी सिनेमातलं हॉटेल आणि पाऊस. इथे तोच आवाज कुठल्या तरी ओसाड मैदानात उभा होता. राखमानिनोव्हनंही त्याआधी वाद्यवृंदात सॅक्सोफोन कधी वापरला नव्हता. साठी उलटलेला हा माणूस रॉबर्ट रसेल बेनेट या ब्रॉडवेवरच्या संगीत संयोजकाकडे गेला आणि या वाद्यासाठी कसं लिहायचं ते त्यानं विचारून घेतलं.

पुन्हा पाय आपटणं. आणि भाग संपता संपता, आता काही नवीन यायचं नाही अशी खात्री झालेली असताना, एक सूर येतो. रुंद, शांत, तंतुवाद्यांवर. त्याच्यावरून पियानो, हार्प आणि ग्लॉकेनश्पीलची बारीक किणकिण. तो या भागात आधी कुठेही येऊन गेलेला नसतो, नंतर कुठेही येत नाही. मिनिटभर बसतो आणि जातो. मागे ती सुरुवातीची टिकटिक पातळ होत विझते.

कितीतरी वर्षं मला प्रश्न पडायचा की हा पाहुणा कोण. रचनेच्या नियमानं पाहिलं तर त्याचं इथे काही काम नव्हतं. चांगला लेखक शेवटच्या प्रवेशात नवं पात्र आणत नाही. आणलंच, तर त्याला दोन वाक्यं तरी देतो. याला नाव नाही, गाव नाही. आणि तरी सगळ्या तबकडीत मी वाट पाहायचो ती त्या मिनिटाची.

उत्तर सात-आठ वर्षांनी फोर्टातल्या पदपथावर मिळालं. जुन्या तबकड्यांच्या ढिगात त्याची पहिली सिम्फनी होती, कोपरे कुरतडलेली. घरी आणून सुई ठेवली. सुरुवातीला दात विचकल्यासारखा एक छोटा, वळून झेपावणारा स्वरसमूह, आणि मग एकापाठोपाठ एक पायरीनं सरकणारी ती स्वरावली. काळोखी, घाईतली, रागावलेली. पण तीच. ओळखीच्या म्हाताऱ्याचा शाळेतला फोटो हाती लागावा आणि नाकावरून ओळख पटावी, तसं झालं. तिथे ती डी मायनरमध्ये होती आणि तिच्या मुठी वळलेल्या होत्या. 'डान्सेस'मध्ये ती सी मेजरमध्ये होती आणि तिचे हात मांडीवर होते.

ही पहिली सिम्फनी त्यानं १८९५ च्या जानेवारी ते ऑक्टोबरच्या दरम्यान लिहिली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतून मोठं सुवर्णपदक घेऊन बाहेर पडून तीन वर्षं झाली होती. तांबोव्ह प्रांतात इवानोव्हका नावाच्या गावी सातिन कुटुंबाची शेतीवाडी होती. हे त्याचे नातेवाईक. पुढे त्यांच्याच नतालियाशी त्याचं लग्न झालं. सिम्फनीचा बराचसा भाग त्या वाडीवर झाला. वर त्यानं बायबलातलं एक वाक्य टाकलं, सूड घेणं हे देवाचं काम आणि तोच फेड करील, अशा अर्थाचं. टॉलस्टॉयनं 'आना कारेनिना'च्या आरंभी वापरलेलं वाक्य तेच. अर्पणपत्रिकेत 'ए. एल.' ही आद्याक्षरं. ती आना लोदिझेन्स्काया नावाच्या विवाहित बाईंची, हे पुढे चरित्रकारांनी सांगितलं. त्यावरून बऱ्याच कथा रचल्या गेल्या. त्या मला रचता येत नाहीत. बावीस वर्षांच्या मुलाला सूड हा शब्द आवडतो, त्याला कारण असावंच लागतं असं नाही.

त्याहूनही आधीची एक रचना मला इथे आठवते, कारण तिच्यात वयाचा हिशोब उलटा आहे. 'द रॉक', म्हणजे कडा, १८९३ ची. वर लेर्मोन्तोव्हच्या कवितेतल्या ओळी आहेत, कड्याच्या छातीवर रात्रभर विसावून सकाळी निघून जाणाऱ्या ढगाच्या. पण खरं बीज चेकॉव्हच्या 'वाटेवर' या कथेत आहे. नाताळच्या आदल्या रात्री, हिमवादळात, एका सरायीत एक उतरत्या वयाचा माणूस आणि एक तरुण स्त्री भेटतात. त्यानं आयुष्यभर एकामागून एक श्रद्धा धरलेल्या नि टाकलेल्या असतात. रात्रभर तो तिला हे सांगतो. सकाळी ती निघून जाते आणि तो तिथेच बर्फ अंगावर साठवत उभा राहतो. बासरी म्हणजे ढग, खालची जड तंतुवाद्यं म्हणजे कडा. हे लिहिणारा वीस वर्षांचा. चायकोव्हस्कीनं ते पियानोवर ऐकलं, त्याला ते आवडलं, आणि पुढच्या दौऱ्यात ते स्वतः सादर करायचं त्यानं कबूल केलं. काही आठवड्यांतच चायकोव्हस्की गेला.

विसाव्या वर्षी त्यानं थकलेल्या माणसाचं संगीत लिहिलं. थकल्यावर मात्र त्यानं विशीतलं संगीत काढून बसवलं.

सिम्फनीचा पहिला प्रयोग १८९७ च्या मार्चमध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला, लाकडाचा व्यापारी बेल्यायेव्ह जे रशियन सिम्फनी कॉन्सर्ट भरवी त्यात. कंडक्टर ग्लाझुनोव्ह. तालमी अपुऱ्या होत्या. ग्लाझुनोव्हनं रचनेत काटछाटही केली होती. तालमीला आलेल्या संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हनं तोंडावर सांगितलं की हे संगीत मला मुळीच रुचत नाही. आणि प्रयोगाच्या दिवशी हा तेवीस वर्षांचा मुलगा सभागृहात बसलाच नाही. जिन्यात जाऊन बसला, कानांवर हात ठेवून.

ग्लाझुनोव्ह त्या दिवशी प्यायलेला होता असं राखमानिनोव्हच्या बायकोनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं आणि तेव्हापासून प्रत्येक तबकडीच्या पाठीमागे ते छापलं जातं. असेलही. पण ही फार सोयीची गोष्ट आहे. कलाकृती पडली की दारू, पाऊस, वीज, आयोजक यांच्यापैकी कोणी तरी धावून येतंच. आमच्या एकांकिकेच्या वेळी प्रकाशयोजनेनं दगा दिला असं आम्ही दहा वर्षं सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी सेझार क्यूई यांचं परीक्षण आलं. क्यूई स्वतः संगीतकार आणि पेशानं लष्करी अभियंता, तटबंदीच्या शास्त्रातले अधिकारी पुरुष. त्यांनी लिहिलं त्याचा मतलब असा की नरकात एखादी संगीतशाळा असेल आणि तिथल्या हुशार विद्यार्थ्याला इजिप्तवरच्या सात अरिष्टांवर सिम्फनी लिहायला सांगितली, तर तो असंच काही तरी लिहून नरकवासीयांना खूश करील. बायबलात अरिष्टं दहा आहेत. तीन त्यांनी का माफ केली कोण जाणे. पीटर्सबर्गच्या या मंडळींचं मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीवाल्यांशी जुनं वाकडं होतं आणि मॉस्कोहून आलेला पोरगा आयताच सापडला होता.

पण या सगळ्यापेक्षा मला एक पत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. दोनेक महिन्यांनी त्यानं एका मित्राला लिहिलं की अपयशाचं किंवा वर्तमानपत्रांच्या शिव्यांचं मला काही वाटलेलं नाही. दुःख याचं आहे की जी सिम्फनी मला इतकी आवडायची ती पहिल्या तालमीनंतर मलाच आवडेनाशी झाली. ग्लाझुनोव्हबद्दलही त्यात आहे, इतका गुणी माणूस इतकं वाईट कंडक्टिंग करू शकतो याचं नवल. मग शंका, की वाजवलं वाईट की मुळातच वाईट? त्याच्या हयातीत सिम्फनी पुन्हा कधी वाजली नाही, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं नाही. समीक्षकाशी माणूस भांडू शकतो. तालमीत आपलीच वाक्यं आपल्याला परकी वाटू लागली की भांडायला कोणी समोर उरत नाही. हा एक क्षण मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो. आमच्या रंगीत तालमीच्या रात्री तिसऱ्या प्रवेशात माझी मान खाली गेली ती स्पर्धेच्या दिवसापर्यंत वर आली नाही. परीक्षकांचं मत त्यानंतरचं.

यापुढची हकिकत सगळ्यांना पाठ असते, म्हणून लवकर उरकतो. तीन वर्षं जवळजवळ काही लिहिलं नाही. मामोन्तोव्हच्या खासगी ऑपेरात कंडक्टरची नोकरी केली, तिथे गायक शाल्यापिनशी दोस्ती जमली. १९०० च्या जानेवारीत दोघं मिळून टॉलस्टॉयकडे गेले. शाल्यापिन गायला, यानं साथ केली, आणि म्हाताऱ्यानं विचारलं की असलं संगीत कोणाला तरी लागतं का. ज्याच्या कादंबरीच्या उंबरठ्यावरचं वाक्य आपण सिम्फनीला लावलं, त्याच्याच तोंडून हे. मग निकोलाय दाल या डॉक्टरांकडे संमोहनाचे उपचार, मग दुसरा पियानो कॉन्चेर्तो, जो त्यानं दाल यांनाच अर्पण केला. या ठिकाणी जग टाळ्या वाजवतं. पडला, उठला, जिंकला. टाळ्यांच्या आवाजात ती पहिली सिम्फनी कुठे गेली हे कोणी विचारत नाही.

ती मॉस्कोतल्या घरी पडून होती. त्यानं ती जाळली नाही. उलट तिची चार हातांनी पियानोवर वाजवण्याजोगी प्रत करून ठेवली. कधी तरी दुरुस्त करायचा विचारही मनात आला. पण १९१७ मध्ये आसाफ्येव्ह या संगीत अभ्यासकाला त्यानं कळवलं की सिम्फनी मी कोणाला दाखवणार नाही, आणि मृत्युपत्रातही तशी मनाई लिहून ठेवीन. जाळायची नाही आणि दाखवायची नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत अशी एखादी वस्तू बहुतेक घरांत असते.

त्याच वर्षी क्रांती झाली. डिसेंबरात तो बायको आणि दोन मुलींना घेऊन मैफलींचं निमित्त करून स्टॉकहोमला निघाला. पुढे अमेरिका. स्कोअर मागे राहिला आणि हरवला. तो आजतागायत सापडलेला नाही.

रशियात असताना त्याच्या रचनांचे क्रमांक एकोणचाळीसपर्यंत गेले होते. बाहेर पडल्यावरच्या पंचवीस वर्षांत भर पडली ती सहाची. अमेरिकेत तो पोटासाठी पियानोवादक झाला. गावोगावी आगगाडीनं हिंडायचं, त्याच त्या मागणीच्या गोष्टी वाजवायच्या. १९३६ मध्ये तिसरी सिम्फनी झाली. फिलाडेल्फियात स्टोकोव्स्कीनं ती सादर केली, आणि लोक थंड राहिले. तोवर हवा बदलली होती. स्ट्राव्हिन्स्की आणि शोएनबर्गच्या काळात हा माणूस आपल्या लांब लांब सुरावटी घेऊन उभा होता आणि टीकाकार जुन्या फर्निचरला घालावा तसा त्याला वळसा घालून जात. स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नच्या तळ्याकाठी त्यानं हौसेनं घर बांधलं होतं. नाव 'सेनार', सेर्गेई आणि नतालियाची पहिली दोन-दोन अक्षरं आणि आडनावाचं एक. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि तेही सुटलं.

१९४० चा उन्हाळा त्यानं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर हंटिंग्टन गावाबाहेर काढला. हिवाळ्यातल्या दौऱ्यासाठी पियानोचा रियाज चालू होताच. त्यातच हे नवं काम त्याच्या मानगुटीवर बसलं. ऑगस्टमध्ये त्यानं फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाचा कंडक्टर युजीन ऑर्मंडीला पत्र लिहून कळवलं की वाद्यवृंदासाठी नवी रचना झाली आहे, ती आधी तुम्हाला आणि तुमच्या वादकांना द्यायची आहे. आधी नाव होतं 'फॅन्टॅस्टिक डान्सेस', आणि तीन भागांना दुपार, संध्याकाळ, मध्यरात्र अशी नावं द्यायचं घाटत होतं. पुढे ती काढून टाकली. बरं झालं. ऑक्टोबरअखेर वाद्यवृंदाचं लेखन संपलं आणि १९४१ च्या जानेवारीत फिलाडेल्फियात पहिला प्रयोग झाला. त्याच हिवाळ्यात कधी तरी ऑर्मंडीला समजावताना त्यानं ही रचना पियानोवर वाजवली आणि कोणी तरी ते यंत्रावर टिपलं. ते ध्वनिमुद्रण २०१८ मध्ये बाहेर आलं. सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत आहे. मधूनमधून तो गुणगुणतो. मैफलीत कधी हसू न येणारा तो सहा फुटांहून उंच माणूस घरात आपलं गाणं दुसऱ्याला समजावताना असा ऐकू येतो.

आता त्या जानेवारीतल्या सभागृहाची कल्पना करा. पहिला भाग संपत आला आहे. तंतुवाद्यं तो शांत सूर उचलतात. सभागृहात शेकडो माणसं, स्टेजवर शंभराच्या आसपास वादक, पुढे ऑर्मंडी. यांतल्या कोणाला, एकालाही, तो सूर कुठला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तो पूर्वी वाजला होता एकदाच, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या खंडात. त्याचा स्कोअर हरवलेला. संगीतात अवतरण घेतात ते ऐकणाऱ्यानं ओळखावं म्हणून. हे अवतरण कोणीही ओळखणार नाही याची खात्री असताना घेतलेलं आहे.

अभ्यासक म्हणतात की इथे त्यानं जुन्या अपयशाला क्षमा केली. सूडाचं वाक्य डोक्यावर घेऊन आलेली धून मायनरची मेजर झाली, मग दुसरं काय? मला हे पटत नाही. क्षमा ऐकवायची असती तर त्यानं ती कोणाला तरी ऐकू जाईल अशा बेतानं लिहिली असती. मला तिथे एक वेगळीच, घरगुती गोष्ट दिसते. गहाण पडलेला डाग माणूस एक दिवस सोडवून आणतो. सावकाराशी बोलणं नाही, शेजारीपाजारी कोणाला सांगणं नाही. घरी येऊन तो डबीत ठेवतो. डबीसुद्धा परक्या देशातली.

तिसऱ्या भागाबद्दल थोडं लिहायला हवं, कारण पाहुण्याचं कोडं तिथे पूर्ण होतं. 'दिएस इरे' ही मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेची जुनी चाल या माणसाच्या मागे आयुष्यभर लागलेली होती. ती 'आइल ऑफ द डेड'मध्ये आहे, पागानिनीच्या धुनेवरच्या 'रॅप्सडी'मध्ये आहे. पहिल्या सिम्फनीतही तिची सावली पडते. 'डान्सेस'च्या शेवटी ती पुन्हा येते, हाडं वाजवत. आणि तिच्यासमोर तो उभं करतो १९१५ मधल्या आपल्याच 'ऑल-नाइट व्हिजिल'मधलं पुनरुत्थानाचं स्तोत्र. स्कोअरमध्ये त्या जागी त्यानं 'आलेलुया' असं लिहिलं आणि अखेरीस देवाचे आभार मानले. म्हणजे शेवटच्या रचनेत दोन वेळा तो स्वतःकडूनच उसनं घेतो. एकदा पंचवीस वर्षांपूर्वीचं, एकदा पंचेचाळीस.

दोन्ही रचनांच्या शेवटी घंटेसारखं घुमणारं काशाचं मोठं तबक आहे, टॅम-टॅम. सिम्फनीत तो घाव बसतो आणि त्यानंतर संथ, जड, हातोड्यासारखा शेवट येतो. सगळं संपलंय हे सांगितल्यावरही त्या मुलाला पुन्हा पुन्हा सांगायचं असतं. 'डान्सेस'मध्ये वाद्यवृंद थांबतो आणि टॅम-टॅम घुमत राहावं अशी सूचना आहे. काही कंडक्टर ते लगेच दाबून टाकतात, काही पार विझेपर्यंत हात वर धरून उभे राहतात. मला दुसरे आवडतात. पण खरं सांगायचं तर रात्री एकटा असलो तर मी सिम्फनीचाच शेवट लावतो. तिच्यात सगळ्या चुका आहेत. वाद्यांची गर्दी, एकाच वाक्यात तीन मुद्दे, कर्ण्यांचा कल्लोळ, नको तिथे जोर. 'डान्सेस' लिहिणाऱ्याला काय वगळायचं हे कळलेलं आहे. तो दोन वाद्यांत जे सांगतो त्यासाठी या पोरानं बारा लावली असती. तरी त्या पोराच्या अंगात जो ताप आहे तो दुरुस्तीत उतरला असता. त्याचं दुरुस्त करायचं राहून गेलं हे उत्तम झालं.

१९४३ च्या मार्चअखेर तो बेव्हर्ली हिल्समध्ये वारला. त्या वेळी लेनिनग्राडला, म्हणजे जुन्या सेंट पीटर्सबर्गला, जर्मनांचा वेढा पडलेला होता. १९४१ च्या सप्टेंबरपासून १९४४ च्या जानेवारीपर्यंत, पावणेनऊशे दिवस. थंडीत लोकांनी टेबलं-खुर्च्या जाळल्या, पुस्तकं जाळली. त्याच शहरातल्या कॉन्झर्व्हेटरीच्या ग्रंथालयात वेढा उठला त्या वर्षी कागदांचा एक गठ्ठा हाती लागला. १८९७ मधल्या त्या एका प्रयोगासाठी वादकांना दिलेले सुटे पार्ट. पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हियोला, बासून, ट्रॉम्बोन. संहिता गेली होती, नकला वाचल्या होत्या. त्या सगळ्या ओळी एकाखाली एक मांडून, त्याच्या चार हातांच्या पियानोप्रतीशी ताडून, स्कोअर पुन्हा उभा केला गेला आणि १९४५ च्या १७ ऑक्टोबरला मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत अलेक्झांडर गाउकनं तो वाजवला. दुसरा प्रयोग. पहिल्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी.

मृत्युपत्रातल्या मनाईचं काय, असं कोणी विचारील. त्या जुन्या बासूनवाल्यांना ती लागू होत नव्हती.

आणि मग १९४८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली ती फिलाडेल्फियातच, ऑर्मंडीच्याच हाताखाली. सात वर्षांत वाद्यवृंद काही सगळा बदलत नाही. कोणी तरी व्हायोलिनवाला दोन्ही वेळा खुर्चीवर असेल. तालमीत ती पायरीपायरीची स्वरावली त्याच्या कागदावर आली असेल, बोटांनी ती आधी ओळखली असेल, मग त्यानं. शेजाऱ्याकडे पाहिलं असेल की नाही, ते सांगता येत नाही. तालमीत बोलायला मनाई असते.

माझी वही मी १९८१ सालीच रद्दीत घातली होती. त्यानंतर नाटक लिहिलं नाही. याबद्दल कधी कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गेल्या मे महिन्यात एका जुन्या मित्राचा फोन आला. त्यांची चाळ पुनर्विकासाला गेली म्हणून तो सामान उपसत होता.

"अरे, तुझी नक्कल सापडली," तो म्हणाला.

"माझी कुठली? मी काम करत नव्हतो."

"तुझी म्हणजे माझी. पोस्टमनची. तुझ्याच अक्षरात आहे. तुला हवी असेल तर ठेवतो, नाही तर इथला सगळा कागद भंगारवाला नेतोय."

"ठेव," मी म्हणालो.

त्यानं ती पाकिटात घालून पाठवली. रेघांच्या कागदाचं एकच पान आहे, घडीवर फाटलेलं. पोस्टमनला सहा वाक्यं. बाकीच्या सात नकला कुठे असतील ते मी कोणाला विचारलेलं नाही. दोघं आता हयात नाहीत, एक परदेशात आहे. अक्षर माझंच आहे, पण 'र' मी तेव्हा वेगळा काढत होतो. पान मी अनेकदा वाचलं. तिसरा क्यू आहे, 'म्हणून तर थांबलो', आणि त्याच्याखाली पोस्टमनचं वाक्य, 'इथे सही करा.' कोण थांबला होता आणि कशासाठी, ते मला आठवत नाही.